डोहातला कोंडवाडा

मर्व्हिन ट्रेलोरला पोहता येत नव्हतं. पण तसं तो कधी म्हणायचा नाही. "मी पोहत नाही," असं म्हणायचा, आणि तेही अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, त्यातलंच हे एक व्रत असेल. डंकन क्रॉसिंगच्या पोस्टात त्याची उभी हयात पोस्टमास्तर म्हणून गेली. निवृत्त झाला तरी पोशाख सुटला नाही. इस्त्रीची अर्धी चड्डी, इस्त्रीचा सदरा आणि गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरेशुभ्र मोजे. डार्विनकडच्या उत्तर भागात सरकारी माणसाचा हाच दरबारी थाट. आता ज्या गावात पावसाळा सोडला तर सदा लाल धूळ उडते, तिथे पांढरे मोजे पांढरे ठेवणं म्हणजे काय गंमत आहे? पण ते काम अर्थात त्याची बायको नोलीन करायची.

नोलीनला पोहता यायचं. ती नदीकाठीच वाढली. तिच्या लहानपणी लोक कातड्यासाठी मगरी मारत, त्यामुळे क्रॉसिंगच्या डोहात मगर औषधालाही सापडायची नाही, आणि गावची सगळी पोरं तिथे दिवसदिवस डुंबायची. पुढे सरकारने शिकारीवर बंदी घातली. मगरी परत आल्या आणि पोरं घरी गेली. गोड्या पाण्यातली ती छोटी मगर, तिचं कोणी मनावर घेत नाही. ती माशांवर जगते आणि माणसाला पाहून लाजते. पण खाऱ्या पाण्यातली ती मोठी, जिला सगळे नुसती 'खारी' म्हणतात, ती नावापुरतीच खारी. पुराबरोबर ती शेकडो मैल आत येते, एखादा डोह आवडला की तिथेच संसार थाटते, आणि ती लाजत नाही.

हे गावाला पुरतं कळलं ते लेस मॅडर्न गेला तेव्हा. लेस म्हणजे मर्व्हिनचा शेजारी. अडकलेला गळ सोडवायला गुडघाभर पाण्यात उतरला, तो परत आला नाही. टोपी तेवढी सापडली. मग टोपीचाच दफनविधी झाला. पेटी मात्र पूर्ण मापाची, कारण गावात तेवढ्याच मापाची मिळते. सहा जणांनी ती खांद्यावर घेतली, आणि ती हलकी आहे असं एकानेही चेहऱ्यावर दाखवलं नाही. डंकन क्रॉसिंगमध्ये अजून इतकी सभ्यता शिल्लक आहे.

त्यानंतर गावच्या प्रगती मंडळाने डोहावर पाटी लावली. मंडळाचा चिटणीस मर्व्हिन. मजकूर त्याचा. 'या डोहात मगरी आहेत. पोहण्यास बंदी आहे. पोहणे प्राणघातक ठरू शकते.' यातल्या 'ठरू शकते'वरून सभा रात्रीपर्यंत चालली. 'ठरेल' असं स्पष्ट लिहा, असं बहुतेकांचं म्हणणं. मर्व्हिन म्हणाला, सरकारी भाषेत खात्री देता येत नाही. शेवटी त्याचंच खरं झालं. या पाटीचा त्याला फार अभिमान होता. संध्याकाळी फिरायला जाताना तो ती रुमालाने पुसायचा.

तर असा हा माणूस. आणि ऑक्टोबर संपता संपता, हवा अशी तापलेली की कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसलेले, तेव्हा स्वयंपाकघरात चहा पिताना नोलीन त्याला म्हणाली, "मर्व्ह, मला एकदा क्रॉसिंगला पोहायचंय."

मर्व्हिनने कप खाली ठेवला. एरवी तो हसला असता. पण नोलीनच्या स्वादुपिंडात गाठ निघाली होती. पुढच्या सोमवारी तिला विमानाने डार्विनच्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं होतं. डॉक्टर फार भला माणूस. तो म्हणाला होता, "बघू या." डॉक्टर 'बघू या' म्हणाला की समजावं, बघण्यासारखं फारसं काही राहिलेलं नाही. परतीच्या तिकिटाचा विषय नवराबायकोने काढलाच नव्हता. आणि पाऊस एकदा सुरू झाला की नदी चढते, ती उतरते थेट मे महिन्यात. मे महिन्यापर्यंत कोण असणार, हे दोघांनाही कळत होतं.

"मगरी आहेत, नोलीन," मर्व्हिन म्हणाला.

"एक मला आतून खातेच आहे. दुसरी बाहेरून आली तर निदान तोंड तरी दिसेल तिचं."

"असं बोलू नये."

"मग काय बोलू? मोजे कुठल्या खणात आहेत ते सांगू?"

मर्व्हिन उठला आणि थेट टेलिफोनकडे गेला. आयुष्यात संकट आलं की योग्य त्या खात्याला फोन करायचा, ही त्याची श्रद्धा. लोक देवाला हाक मारतात, हा खात्याला मारायचा. दोन्हीकडे वाट तेवढीच पाहावी लागते, पण खात्याकडे मध्ये संगीत लागतं.

पहिला फोन कौन्सिलला. गावात एक पोहण्याचा तलाव होता. त्याचा पंप बंद पडला होता, पंपाचा भाग दक्षिणेकडून यायचा होता, आणि तो येईपर्यंत पाणी इतकं हिरवं झालं होतं की बेडूक सहकुटुंब राहायला आले होते. "ख्रिसमसपर्यंत होऊन जाईल," कौन्सिलचा माणूस म्हणाला. "कुठल्या ख्रिसमसपर्यंत?" मर्व्हिनने विचारलं. तिकडून फोन ठेवला गेला.

दुसरा फोन मगरी सांभाळणाऱ्या खात्याला. तिथे एका बाईने उचलला.

"डोह पोहण्यासाठी खुला करून हवा आहे," मर्व्हिन म्हणाला.

"कुठला डोह?"

"क्रॉसिंगचा."

"तिथे पोहायला बंदी आहे. तशी पाटी आहे तिथे."

"ती पाटी मीच लिहिली आहे."

"मग तुम्हाला माहीतच आहे की," बाई म्हणाली.

मर्व्हिन म्हणाला, ठीक आहे, पण एक दिवस, एकाच तासासाठी. बाई म्हणाली, त्यासाठी पाहणी लागते. पाहणीला बोट लागते. बोट दुरुस्तीला गेली आहे. बोट आली की पाण्यावर थर्माकोलचा गोळा सोडायचा, तो बरेच दिवस ठेवायचा, त्यावर दात उमटले नाहीत तर वरिष्ठांना कळवायचं. "मग वरिष्ठ बघतील," ती म्हणाली. मर्व्हिनने या आठवड्यात दुसऱ्यांदा हे 'बघणं' ऐकलं, आणि फोन ठेवला.

दुपारपर्यंत गावभर झालं. अशा गावात बातमीला पोस्टाची गरज लागत नाही, हे पोस्टमास्तरांचं कायमचं दुःख.

पहिली आली ग्लेनिस मॅडर्न. म्हणजे लेसची विधवा. हिने नोलीनचं दुखणं कळल्या दिवसापासून रोज खारवलेलं गोमांस शिजवून आणायचा सपाटा लावला होता. नोलीनला त्याच्या वासानेच उमळून यायचं, मर्व्हिनला मीठ वर्ज्य होतं, पण ग्लेनिसला 'नको' म्हणायची कोणाची छाती? फ्रिजमध्ये मांसाच्या थाळ्या एकावर एक चढत होत्या.

"टब आण," ग्लेनिस म्हणाली. "मोठा, प्लास्टिकचा. अंगणात भर. पाणी ते पाणी. नदीला काय सोनं लागलंय?"

ग्लेनिसने नदीचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसायचा. मर्व्हिनने टब आणला. अंगणात मांडला, नळी लावली, वर छत्री धरली. त्या उकाड्यात नळाचं पाणी चहासारखं गरम. नोलीन आपला जुना हिरवा पोहण्याचा पोशाख घालून त्यात बसली. पोशाख तिला सैल झाला होता, टब घट्ट झाला. कुंपणापलीकडून ग्लेनिस बघत होती, समोरच्या घरातून दोघी बघत होत्या, आणि मर्व्हिन छत्री धरून उभा होता.

"मर्व्ह," नोलीन शेवटी म्हणाली, "मी काय बटाटा आहे का रे, भिजत घालायला?"

ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मर्व्हिनने टब ओतून टाकला. लाल माती ते पाणी एका क्षणात पिऊन गेली. मग तो कितीतरी वेळ तिथेच छत्री धरून उभा राहिला. समोरच्या बायकांनी मात्र पडदे ओढून घेतले, हे त्यांचं मोठेपण.

दुसऱ्या दिवशी कोल हॅनराटी आला. गावाबाहेर याची गुरांची मोठी जहागीर. बोलणं कमी, टोपी मोठी. नोलीनबरोबर लहानपणी डोहात पोहलेला. तो आला, ओट्यावर बसला, चहा प्याला, आणि जाता जाता म्हणाला, "माझ्याकडे वाड्याच्या जाळ्या आहेत."

गुरं कोंडायला लोखंडी नळ्यांच्या सुट्या जाळ्या असतात ना, खुंट्यांनी जोडून हवा तिथे वाडा उभा करायचा, त्या. कोलचं म्हणणं असं, की काठालगतच्या उथळ पाण्यात त्यांचा चौकोन उभा करायचा. आत नोलीन, बाहेर मगर. मध्ये लोखंड.

मर्व्हिनला हे एकदम पटलं. पटायचं कारण म्हणजे यात परवानगी कोणाची मागायची हेच कळत नव्हतं. पाटीवर पोहण्याबद्दल लिहिलं होतं, कुंपणाबद्दल नव्हतं. पाटी त्यानेच लिहिली असल्यामुळे तो हे छातीठोकपणे सांगू शकत होता.

शनिवारी काम सुरू झालं. कोलने गाडीवरून जाळ्या आणल्या. त्याची दोन माणसं पाण्यात उतरली, कोल स्वतः बंदूक घेऊन काठावर बसला, आणि मर्व्हिन उंच खडकावर उभा राहून सूचना देऊ लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे. "डावीकडे घ्या! आणखी डावीकडे! ती जाळी वाकडी आहे!" एवढं म्हणून तो जाळी वाकडी कशी आहे ते हाताने दाखवायला गेला, आणि खडकावरून घसरून चिखलात बसला. मोजे मात्र वाचले. पाय वर होते.

"पोस्टमास्तर, तुम्ही टपाल खाली टाकलंत वाटतं," कोलचा एक माणूस म्हणाला. सगळे हसले. मर्व्हिन हसला नाही. त्याच्या हुद्द्याच्या माणसाने चिखलात बसून हसायचं नसतं.

फाटकाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट झाली. कोलने वाडा उभा केला तो त्याच्या हाताला जसा सवयीचा तसा. रानात बिथरलेली गुरं धरायची, तर पाणवठ्याभोवती वाडा घालतात आणि त्याला एकेरी फाटक लावतात. दोन्ही बाजूंचे गज आतल्या अंगाला वळलेले. तहानलेलं जनावर अंगाने रेटून आत शिरतं, पण परत फिरलं की गजांची टोकं त्याच्या तोंडावर येतात. कोलच्या आज्याने असेच वाडे घातले, बापानेही. त्यांच्याकडे दुसरं फाटकच नव्हतं. अर्धं पाण्यात, अर्धं काठावर, असं ते फाटक बसलं.

"उघडतं कसं?" मर्व्हिनने विचारलं.

"आत ढकललं की उघडतं. नोलीनला सोपं पडेल."

"आणि बाहेर यायला?"

"आपण आहोत की बाहेरून ओढायला."

मर्व्हिन सोडला तर तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस जन्मभर गुरांत वावरलेला. पण हे फाटक मगरीलाही उघडतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी ग्लेनिस डोहावर आली. लेस गेल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या हातात थाळी होती, आणि थाळीत, दुसरं काय असणार, खारवलेलं गोमांस.

"हे आत ठेवा," ती म्हणाली. "रात्रभर राहू दे. सकाळी जागच्या जागी असलं तर समजायचं, आत काही शिरू शकत नाही. मग खुशाल सोडा नोलीनला."

आता हे ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा. मर्व्हिनला तर हे अगदी शास्त्रीय वाटलं. शितावरून भाताची परीक्षा. शिवाय फ्रिजमधली एक थाळी कमी होत होती. कोलने डोकं खाजवलं, पण ग्लेनिसला नदीच्या काठावर उभं राहून नाही कोण म्हणणार? त्याने मांसाचा तो गोळा दोरीने बांधून जाळीच्या आतल्या अंगाला, पाण्याला टेकेल असा लटकावला. ग्लेनिस पाण्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली.

थोडक्यात, गावातल्या सगळ्या जाणत्या माणसांनी मिळून नदीत एकेरी फाटकाचा सापळा लावला, त्यात आमिष बांधलं, आणि मगर येऊ नये म्हणून घरी जाऊन झोपले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो. इथे मारुतीला शेपटी तर होतीच, वर साठसत्तर दातही होते.

रविवारी सकाळी ती आत होती. खारी. आडवी पडली तर चौकोनाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पुरायची. दोरी तुटलेली, मांस गेलेलं. मगर अजिबात हालत नव्हती. मधून मधून डोळ्यावरून पापणी तेवढी सरकायची.

सगळं गाव डोहावर लोटलं. गाड्या लागल्या, घडीच्या खुर्च्या आल्या, कोणी चहाचा थर्मास आणला. मगरींच्या खात्याची रेंजर शर्लीन आली. शर्लीन याच नदीवरच्या मूळच्या काळ्या लोकांपैकी, तिच्या आजीची पेन्शन मर्व्हिननेच वर्षानुवर्षं हातात दिलेली. त्यामुळे ती त्याला मान द्यायची, आणि आज तोच मान त्याला जास्त बोचत होता.

"पोस्टमास्तर, सापळा लावलात तुम्ही. परवान्याशिवाय."

"मी कुंपण घातलं."

"आत मगर आहे."

"ती आपण होऊन आली."

"सापळ्यात सगळे आपण होऊनच येतात," शर्लीन म्हणाली. "हे संरक्षित जनावर आहे. तुमच्यावर खटला होईल. माझा इलाज नाही."

"मग काढून टाकतो कुंपण. आत्ता."

"पाण्यात उतरावं लागेल. पाण्यात उतरायला बंदी आहे. तुमचीच पाटी आहे ना ती?"

लोक हसले. मर्व्हिनचे कान लाल झाले. खटल्याचं त्याला एवढं काही नव्हतं. पण उद्या सकाळी विमान होतं, आणि ज्या एका कामासाठी त्याने आठवडाभर फोन केले, टब आणला, चिखलात बसला, ते काम आता होणार नव्हतं, कधीच होणार नव्हतं. घरी जाऊन नोलीनला काय सांगायचं? त्याला रडू येत होतं, आणि चारचौघांत रडायची त्याला सवय नव्हती. तो नुसता आपले मोजे वर ओढत राहिला.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि ग्लेनिस पुढे आली. ती जाळीपाशी जाऊन उभी राहिली. शर्लीनने तिला मागे ओढलं नाही, नुसती तिच्या दंडाला धरून उभी राहिली. घडीच्या खुर्च्यांवरचे लोक उठले. कोणीतरी टोपी काढली.

"शर्लीन, हीच का गं?" ग्लेनिसने विचारलं.

"सांगता येत नाही, ग्लेनिस. खरंच नाही सांगता येत."

ग्लेनिस मगरीकडे बघत राहिली. मग अगदी रोजच्या आवाजात, शेजारणीला विचारावं तशी मगरीला म्हणाली, "मीठ जास्त झालं होतं का? लेस नेहमी म्हणायचा, मीठ जास्त होतं तुझं."

आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत गावाने तिला रडताना पाहिलं नव्हतं. टोपी पुरली तेव्हाही नाही. बरेच जण तिच्याकडे बघत होते. काही जण खाली बघत होते. त्यामुळे वरच्या बाजूला, पाटीच्याही पलीकडे, कोलची गाडी येऊन थांबली, आणि तिच्यातून हिरव्या पोशाखातली नोलीन उतरली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते पाण्याचा आवाज झाला तेव्हा.

मर्व्हिनने वळून पाहिलं. नोलीन पाण्यात होती. जाळीत नव्हे, डोहात. मोकळ्या, खोल, हिरव्या पाण्यात. लांब, संथ हात टाकत ती मधोमध चालली होती. आठवडाभर जी बाई खुर्चीतून उठताना टेबल धरायची, तिचे हात असे चालत होते की जणू ती तिथून कधी घरी गेलीच नव्हती.

"मिसेस ट्रेलोर! बाहेर या!" शर्लीन ओरडली.

"का?" नोलीन पाण्यातून ओरडली. "मगर तर तुम्ही कोंडलीय! मग मी कुठे पोहू? आत?"

कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. रडता रडता ग्लेनिससुद्धा हसली. कोल मात्र गाडीपाशी बंदूक घेऊन उभा होता, आणि तो हसत नव्हता. तो पाणी बघत होता.

मर्व्हिनला हसू आलं नाही. तो पळत सुटला. आपल्याच पाटीला खांदा घासून तो काठावर आला, आणि त्याने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. तो पाण्यात शिरला. बूट, मोजे, इस्त्रीची चड्डी, सगळ्यासकट. गुडघाभर, मग कमरेइतका. पायाखालचा चिखल सरकत होता. "नोलीन!" तो ओरडत होता. "नोलीन, परत ये!" आणखी एक पाऊल टाकलं, तर पाणी छातीला लागलं.

नोलीन डोहाच्या मध्यावर होती. ती क्षणभर थांबली. पैलतीराकडे, जिथे कागदासारख्या सालीची झाडं पाण्यात मुळं सोडून उभी आहेत, तिकडे तिने पाहिलं. मग मर्व्हिनकडे पाहिलं. आणि ती वळली.

येताना ती संथ नव्हती. ती इतक्या जोराने हात मारत आली, की काठावरचे लोक टाळ्या वाजवू लागले. मर्व्हिनपाशी पोचताच तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि त्याला फरफटत काठाकडे नेलं, तोंडाने शिव्यांचा पट्टा चालूच. "मूर्ख माणसा! मोजे बघ! मोजे बघ तुझे! कोण धुणार हे आता? चल बाहेर! आधी बाहेर हो!"

काठावर येऊन दोघे बसले. नोलीन थरथरत होती, धापा टाकत होती. मर्व्हिनचे मोजे नदीच्या गाळाने तपकिरी झाले होते.

"दमलीस?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दमले."

"पण पोहलीस."

"पोहले, मर्व्ह."

सोमवारी विमान गेलं. मगरीला खात्याने दोर बांधून, तोंडाला पट्टी गुंडाळून ट्रकने नेलं. तिलाही परतीचं तिकीट नव्हतं. मर्व्हिनला डार्विनमध्ये हॉस्पिटलच्या पत्त्यावर खात्याचा कागद आला, की सापळा लावल्याबद्दल खुलासा द्यावा, आणि कुंपण ताबडतोब हटवावं. त्याने सवयीने दोन पानी खुलासा लिहिला आणि नोलीनला वाचून दाखवला. ती हसली, आणि मग हसण्याने दुखतं म्हणून थांबली.

नोलीन आता फारशी उठत नव्हती. मर्व्हिन दिवसभर तिच्या खाटेशी बसायचा आणि तिला ते पोहणं पुन्हा पुन्हा सांगायचा. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडायची. ती कशी वळली, कशी आली, लोकांनी टाळ्या कशा वाजवल्या. एवढं एक काम आपल्या हातून झालं, असं तो स्वतःला सांगत होता. सापळा काय, खटला काय, हसं काय, शेवटी तिला हवं होतं ते मिळालं. पोटभर पोहली. दमली आणि आपण होऊन आली. त्या दिवसांत याच एका गोष्टीवर त्याला झोप लागत होती.

मग एका दुपारी शर्लीनचा फोन आला. नर्सने मर्व्हिनला बाहेर बोलावलं. शर्लीन म्हणाली, नदी चढायच्या आत जाळ्या काढायला बोट नेली होती, तेव्हा पैलतीरी झाडांच्या मुळांशी आणखी एक दिसली. पहिलीपेक्षा मोठी. आता धरली आहे. आणि काठावरच्या चिखलात ती घसरत पाण्यात उतरते त्याच्या खुणा बऱ्याच जुन्या होत्या. "म्हणजे त्या दिवशी ती तिथेच असणार, पोस्टमास्तर. तुम्हाला कळवावं असं वाटलं. मिसेस ट्रेलोरना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मर्व्हिन भिंतीला टेकून उभा राहिला. सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. तो आत आला, खुर्चीवर बसला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "शर्लीनचा फोन होता. जाळ्या काढल्या म्हणे."

"दुसरी सापडली का?" नोलीनने डोळे न उघडता विचारलं.

मर्व्हिनने खिडकीकडची नजर तिच्याकडे वळवली.

"पैलतीरी. मुळांच्या मध्ये. नाकपुड्या तेवढ्या वर होत्या," नोलीन म्हणाली. "मोठी होती रे."

"तू पाहिलीस?"

"मधोमध आले तेव्हाच. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मला काही वाटलं नाही, मर्व्ह. पाणी इतकं छान होतं. म्हटलं, तू तिकडे राहा, मी इकडे पोहते. आपल्याला दोघींनाही आता कसली घाई आहे?"

"मग वळलीस का?"

नोलीनने डोळे उघडले. तिने खाटेवरून हात खाली सोडला आणि त्याचा मोजा, घोट्यापाशी गोळा झालेला, बोटांनी चाचपला. गाळाचा डाग गेला नव्हता. मर्व्हिनने तो स्वतः धुतला होता, आणि त्याला धुता येत नव्हतं.

"मी दमले नव्हते रे," ती म्हणाली. "मला अजून खूप पोहायचं होतं. पण तू छातीभर पाण्यात आला होतास, आणि ती माझ्याकडे बघायची सोडून तुझ्याकडे बघायला लागली. आणि तुला पोहता येत नाही."

"मी पोहत नाही," मर्व्हिन म्हणाला.

"तेच ते," नोलीन म्हणाली, आणि तिने मोजा हळूच गुडघ्याकडे ओढला. अर्ध्यावर तिचा हात थकला. उरलेला मर्व्हिनने ओढला.